कोलाच्या वाटेने तिंबक्तूला
(रेने काय्ये : जीवन आणि प्रवास)
— द्वितीय वर्ष, कला

'कोला' हा शब्द आज खेड्यातल्या टपरीवरही पोहोचला आहे. उन्हाळ्यात थंड बाटली हाती आली की तो आपण वाचतो आणि बाटली रिकामी झाली की विसरूनही जातो. १८८६ साली अमेरिकेतल्या अटलांटा शहरात जॉन पेंबर्टन नावाच्या औषध बनवणाऱ्या गृहस्थाने एक पेय तयार केले. त्याच्या नावाचा अर्धा भाग कोका या झुडपाच्या पानांवरून आला आणि उरलेला अर्धा कोला या झाडाच्या बियांवरून. पण बाटलीवर नाव चढण्याच्या कितीतरी शतके आधीपासून कोलाचे बी पश्चिम आफ्रिकेत माणसांच्या डोक्यावरून शेकडो कोसांचा प्रवास करीत होते. त्याच वाटेने एक गरीब फ्रेंच तरुण जगप्रसिद्ध झाला. त्याचे नाव रेने काय्ये. त्याची कथा सांगण्यापूर्वी या बियांची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

भेंडी, जास्वंद आणि कोको ज्या कुळातले, त्याच कुळातले कोला हे सदाहरित झाड आहे. आज ज्यांना गिनी, सिएरा लिओन, लायबेरिया, आयव्हरी कोस्ट, घाना आणि नायजेरिया म्हणतात, त्या देशांच्या दमट जंगलपट्ट्यात ते वाढते. त्याच्या जाड सालीच्या शेंगेत पांढऱ्या, गुलाबी किंवा लाल रंगाच्या टपोऱ्या बिया असतात. बी चावले की प्रथम तोंड कडू होते. मग त्यावर पाणी प्यायले तर ते गोड लागते. चहा-कॉफीत असते तेच कॅफिन या बियांत असते. त्यामुळे भूक मारली जाते, थकवा कमी जाणवतो, झोप दूर राहते. म्हणूनच लांबच्या वाटसरूचा आणि मजुराचा तो आधार होता. मद्य निषिद्ध मानणाऱ्या मुसलमान समाजातही कोला चालत असे, म्हणून वाळवंटाच्या काठावरील शहरांत त्याला फार मागणी होती आणि तिथे तर त्याचे झाड उगवत नाही!

परंतु कोला केवळ चघळण्याची वस्तू नव्हे. पाहुणा आला की त्याच्यापुढे कोला ठेवायचा, लग्नाची बोलणी कोला देऊन करायची, बाळाच्या नामकरणाला कोला वाटायचा, भांडण मिटले की दोघांनी एकच बी फोडून खायचे. नायजेरियातील इग्बो लोकांत तर कोला फोडून प्रार्थना केल्याशिवाय बैठकीला सुरुवात होत नाही. आपल्याकडे पानसुपारीला जो मान आहे, लग्न ठरले की आपण जशी सुपारी फोडतो, तसेच काहीसे हे आहे. शिवाय या बियांपासून कापडाला तपकिरी रंगही देतात. असे हे बी जंगलातून उत्तरेकडे जाई आणि सहारातले मीठ दक्षिणेकडे येई. मीठ आणि कोला या दोन गोष्टींनी तो अवघा प्रदेश एकमेकांशी बांधला गेला होता.

रेने काय्येचा जन्म १९ नोव्हेंबर १७९९ रोजी पश्चिम फ्रान्समधल्या मोझे या लहानशा गावी झाला. बाप पाव भाजणारा भटारी. चोरीच्या आरोपावरून त्याला बारा वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली होती. रोशफोर बंदरातल्या कैदखान्यातच १८०८ साली तो मरण पावला. तीन वर्षांनी आईही गेली. कैद्याचा मुलगा म्हणून ज्याच्याकडे गाव पाहते, त्याचे बालपण कसे गेले असेल ते सांगायला नको. आजीने त्याला सांभाळले. शाळेत त्याला लिहिण्या-वाचण्यापुरतेच शिकता आले. पुढे त्याला एका चांभाराच्या हाताखाली काम शिकायला ठेवण्यात आले.

पण या मुलाला वाचनाचे वेड लागले होते. रॉबिन्सन क्रूसोची गोष्ट त्याने वाचली आणि नकाशे पाहण्याचा त्याला नाद जडला. त्या काळच्या नकाशांत आफ्रिकेचा मधला भाग जवळजवळ कोराच असे. त्या कोऱ्या जागेत एकच नाव सगळ्या युरोपला भुलवीत होते. ते म्हणजे तिंबक्तू. तिथे सोन्याची घरे आहेत अशा कथा शतकानुशतके पसरलेल्या होत्या. दुकानात बसून जोडे शिवणाऱ्या पोराने मनाशी ठरवले की आपण तिथे जायचे. लोकांनी वेड्यात काढले असल्यास नवल नाही.

१८१६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, साठ फ्रँक खिशात घेऊन तो 'ल्वार' नावाच्या जहाजावर नोकर म्हणून चढला आणि सेनेगलला पोहोचला. ज्या ताफ्यात हे जहाज होते, त्याच ताफ्यातले 'मेदूझ' हे जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ रुतून फुटले आणि अनेकांचा अंत झाला. काय्ये वाचला. पुढची काही वर्षे नुसती धडपडीत गेली. तो काही काळ वेस्ट इंडीजमधल्या ग्वादलूप बेटावर जाऊन राहिला. तिथे मंगो पार्क या स्कॉटिश प्रवाशाचे प्रवासवर्णन त्याच्या हाती पडले आणि विझत आलेली इच्छा पुन्हा पेटली. सेनेगलला परतून १८१९ साली तो एका इंग्रज मोहिमेला सामान पोहोचवणाऱ्या काफिल्याबरोबर पायी गेला. तहानेने आणि तापाने तो इतका खंगला की फ्रान्सला परतण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

दुसरा कोणी असता तर इथेच थांबला असता. काय्ये १८२४ साली पुन्हा सेनेगलला आला, आणि या वेळी विचार करून आला. मोठ्या मोहिमा का फसतात हे त्याने पाहिले होते. शंभर माणसे, बंदुका आणि सामानाची गाढवे घेऊन जाणारा परका मनुष्य वाटेतल्या प्रत्येक राजाच्या डोळ्यात सलतो. मग एकट्याने, गरिबासारखे, त्यांच्यातलाच एक होऊन गेले तर? तो ब्राकना या मूर टोळीत काही महिने राहिला. त्यांच्यासारखा पोशाख केला, अरबी शिकला, कुराण आणि नमाज शिकला. परत आल्यावर त्याने राज्यपालांकडे पैशाची मदत मागितली. ती मिळाली नाही. तेव्हा तो इंग्रजांच्या ताब्यातल्या सिएरा लिओनला गेला, निळीच्या कारखान्यावर देखरेखीची नोकरी धरली आणि काटकसर करून दोन हजार फ्रँक साठवले. पॅरिसच्या भूगोल संस्थेने तिंबक्तूची प्रत्यक्ष माहिती आणणाऱ्यास बक्षीस लावले होते. पण ते परतल्यावर मिळायचे. जाण्याचा खर्च स्वतःच्या घामाचा.

१९ एप्रिल १८२७ रोजी आजच्या गिनी देशातल्या नून्येझ नदीकाठच्या काकोंदी गावाहून तो निघाला. त्याने एक गोष्ट रचली होती. आपण मूळचे अलेक्झांड्रियाचे अरब; नेपोलियनच्या सैन्याने लहानपणी आपल्याला फ्रान्सला नेले; आता मालकाने मुक्त केले असून आपण आपल्या घरी, आपल्या धर्मात परत चाललो आहोत. या कथेने त्याला शेवटपर्यंत तारले. रोजची टिपणे तो चोरून लिही. कुराणाची पाने समोर ठेवून पाठ करीत असल्याचे सोंग करायचे आणि त्यांच्या आडून पेन्सिलीने दिवसभरात पाहिलेले उतरवायचे, असा त्याचा क्रम होता.

फुता जालोनचे डोंगर ओलांडून, कुरूसा येथे नायजर नदी पार करून, कांकानमार्गे तो ३ ऑगस्ट १८२७ रोजी तियेमे या गावी पोहोचला. हे गाव आज आयव्हरी कोस्टमध्ये आहे. इथले मांदिंगो व्यापारी दक्षिणेकडच्या जंगलपट्ट्यातला कोला घेत आणि उत्तरेला जेन्नेच्या बाजारी नेत. काय्येला त्यांच्याबरोबर जायचे होते, पण त्याच्या पायाची जखम चिघळली. ती भरत आली न आली तोच त्याला स्कर्व्ही झाला. हिरड्या सडल्या, दात हलले, टाळूची हाडे सुटून पडू लागली. पावसाळ्यात एका झोपडीच्या ओल्या जमिनीवर पडून तो मरणाची वाट पाहत होता.

या ठिकाणी त्याच्या चरित्रातले मला सर्वांत मोठे वाटणारे माणूस येते. यजमानाचे नाव बाबा होते. त्या बाबाच्या म्हाताऱ्या आईने या परक्या आजाऱ्याची शुश्रूषा केली. ती त्याच्यासाठी भाताची पेज करी आणि झाडपाल्याचा काढा करून त्याला चुळा भरायला देई. तो कोण, कुठला, त्याच्याकडून आपल्याला काय मिळणार, याचा हिशेब तिने केला नाही. जगाला ती बाबाची आई म्हणूनच माहीत आहे. भूगोलाच्या पुस्तकात तिला जागा नाही; पण तिच्या पेजेवाचून हा प्रवास तियेमेच्याच मातीत संपला असता. पाच महिन्यांनी काय्ये उभा राहिला.

९ जानेवारी १८२८ रोजी कोलाच्या काफिल्याबरोबर तो जेन्नेकडे निघाला. काफिला म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंटांची रांग येते. हा काफिला तसा नव्हता. मोठ्या व्यापाऱ्यांची काही गाढवे होती, पण बाकीचा कोला माणसांच्या डोक्यावर होता. पुरुषांबरोबर बायकाही डोक्यावर ओझी घेऊन चालत. कोलाचे बी फार नाजूक. ते सुकले की त्याची किंमत गेली आणि फार ओले राहिले की कुजते. म्हणून ते रुंद हिरव्या पानांत गुंडाळून बांधतात. वाटेत ओझी सोडायची, किडलेली-कुजलेली बी निवडून काढायची, पाने बदलायची, पुन्हा बांधायची. असे हे तान्ह्या बाळासारखे जपावे लागणारे ओझे घेऊन पहाटेपासून चालायचे. मुक्कामाला पोहोचल्यावर पुरुष टेकत; बायका मात्र ओझे उतरवून पाणी आणायला, धान्य कांडायला आणि चूल पेटवायला लागत. वाटेतल्या गावांना जकातही बरेचदा कोलाच देऊन भागवावी लागे. तेंग्रेलासारख्या मोठ्या बाजारात कोलाच्या बदल्यात मीठ मिळे. कुणी तिथूनच माघारी फिरत, कुणी चांगल्या भावाच्या आशेने पुढे जात. मीठ घेऊन परत यायचे, ते विकून पुन्हा कोला घ्यायचा आणि पुन्हा चालू लागायचे. एवढ्या कष्टातून हाती उरे ते थोडकेच.

हे वर्णन वाचताना मला आमच्याकडच्या आठवडी बाजाराची वाट आठवली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर भाजीची पाटी आणि कडेवर मूल घेऊन दोन-दोन कोस चालणाऱ्या बायकांत माझी आजीही असे. त्या वाटेला कोणी प्रवास म्हणत नाही आणि तिचे वर्णन कोणी लिहीत नाही. काय्येने निदान कोलावाल्या बायकांचे चालणे लिहून ठेवले, हे त्याचे मोठेपण मला वाटते. सोन्याच्या शहराच्या शोधात निघालेल्या या माणसाने वाटेवरचा बाजार, जकात, पीक, जेवण, ओझे सगळे टिपले. तो स्वतः कष्टकऱ्यांत वाढला होता, म्हणून ओझ्याचे वजन त्याला दिसले असावे.

दोन महिन्यांच्या पायपिटीनंतर ११ मार्च १८२८ रोजी काफिला जेन्नेला पोहोचला. इथे चलन म्हणून कवड्या वापरात होत्या, आणि त्या कवड्या आपल्या हिंदी महासागरातल्या मालदीव बेटांवरून निघून इतक्या दूर पोहोचलेल्या असत. जेन्नेत काय्येने आपली छत्री तिथल्या एका प्रतिष्ठित शरीफाला भेट दिली आणि त्याच्या मदतीने तिंबक्तूच्या नावेत त्याला जागा मिळाली. जिथे बंदुकांचे काही चालले नव्हते, तिथे एका छत्रीने काम केले! नायजर नदीतून प्रवास करून २० एप्रिल १८२८ रोजी, सूर्य मावळताना, तो तिंबक्तूत शिरला.

लहानपणापासून ज्याचे स्वप्न पाहिले ते शहर समोर होते. आणि काय दिसले? पिवळसर वाळूच्या मैदानात मातीची घरे. सोन्याचे छप्पर नाही की राजवाडा नाही. बाजारात फारशी गर्दी नाही. धान्यसुद्धा जेन्नेहून नावेने यायचे. निराशा झाली, पण त्याने ती लपवली नाही आणि पदरचे सोनेही त्या शहराला चढवले नाही. जे पाहिले तेच लिहिले. सिदी अब्दल्लाही शबीर नावाच्या गृहस्थाने त्याला आपल्याकडे उतरवून घेतले होते. ज्या घरात गॉर्डन लेंग हा इंग्रज अधिकारी दोन वर्षांपूर्वी राहिला होता, ते घर जवळच होते. लेंग १८२६ साली तिंबक्तूला पोहोचला, पण परतीच्या वाटेवर मारला गेला. आपले बिंग फुटले तर आपलीही तीच गत, हे काय्येला ठाऊक होते. मोठ्या मशिदीच्या मनोऱ्यावर बसून त्याने शहराची टिपणे केली आणि चौदा दिवसांनी, ४ मे रोजी, सहा-सातशे उंटांच्या काफिल्याबरोबर तो उत्तरेला निघाला.

भर उन्हाळ्यातला सहारा कसा ओलांडला, हे वाचताना घसा कोरडा पडतो. विहिरी दूरदूर, पाण्याचे माप ठरलेले, बरोबरचे लोक गरीब म्हणून त्याची टवाळी करणारे. ऑगस्टमध्ये तो मोरोक्कोतल्या फेज शहरी आणि ७ सप्टेंबर १८२८ रोजी टँजियरला पोहोचला. निघाल्यापासून ५०७ दिवस झाले होते आणि सुमारे साडेचार हजार किलोमीटरची वाट मागे पडली होती. फ्रेंच वकिलातीच्या दारात तो भिकाऱ्याच्या वेषात उभा राहिला. तिथल्या देलापोर्त या अधिकाऱ्याने त्याला लपवून ठेवले आणि खलाशाच्या कपड्यात फ्रान्सला पाठवले.

पॅरिसमध्ये ५ डिसेंबर १८२८ रोजी भूगोल संस्थेच्या सभेत त्याचा गौरव झाला. दहा हजार फ्रँकचे बक्षीस, 'लेजियन ऑफ ऑनर' आणि निवृत्तिवेतन मिळाले. १८३० साली त्याचे प्रवासवर्णन तीन खंडांत प्रसिद्ध झाले.

पण मानाबरोबर संशयही आला. इंग्लंडमधल्या काही विद्वानांनी म्हटले की हा मनुष्य तिंबक्तूला गेलाच नाही. त्यांचा स्वतःचा मेजर लेंग तिथून जिवंत परतला नव्हता, हे त्यामागचे एक कारण. दुसरे कारण मात्र मनाला अधिक लागते. काय्येपाशी पदवी नव्हती, हुद्दा नव्हता, खगोलाची उपकरणे नव्हती. भटाऱ्याच्या, तोही कैदी भटाऱ्याच्या, मुलाचा शब्द कोणी का मानावा? ज्यांच्या घरात पुस्तके पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांच्या बोलण्यावर जग पटकन विश्वास ठेवते. पहिल्यांदाच अक्षर गिरवणाऱ्याला मात्र प्रत्येक वाक्याचा पुरावा द्यावा लागतो. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, म्हणून काय्येचे हे दुःख मला परके वाटत नाही.

हा संशय दूर झालेला पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. त्याने लग्न केले, मुलेबाळे झाली, शेती केली, एका लहान गावाचा तो मेयरही झाला. पुन्हा आफ्रिकेत जाण्याची त्याची इच्छा मात्र पुरी झाली नाही. प्रवासात खंगलेल्या शरीराला क्षयाने गाठले आणि १७ मे १८३८ रोजी, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी, तो वारला. पंधरा वर्षांनी, १८५३ मध्ये, हाइनरिश बार्थ हा मोठा जर्मन विद्वान तिंबक्तूला पोहोचला. त्याने स्वतः सारे पाहून काय्येच्या वर्णनाच्या खरेपणाची साक्ष दिली. चांभाराच्या दुकानातला उमेदवार खरा ठरला.

त्याच्या चरित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्यांचे अन्न त्याने खाल्ले त्यांच्याशी तो आपल्या धर्माबद्दल आणि जन्माबद्दल खोटे बोलला. जीव वाचवण्यासाठी ते आवश्यक होते असे म्हणता येईल. पण बाबाच्या आईने ज्याची सेवा केली तो मनुष्य कोण होता, हे तिला कधीच कळले नाही. शिवाय प्रवाशांनी नकाशे भरले आणि त्यांच्या मागून सैन्ये आली. १८९४ साली फ्रेंचांनी तिंबक्तू ताब्यात घेतले, आणि आजचा माली देश स्वतंत्र व्हायला १९६० साल उजाडावे लागले. काय्येपाशी ना सैन्य होते ना बंदूक; तरी त्याच्या यशाचा हा पुढचा भाग विसरून चालणार नाही.

काय्येने तिंबक्तूचा शोध लावला, असे लिहिलेले आढळते. ते मला पटत नाही. ती वाट आधीच मळलेली होती. मीठवाल्यांनी, नावाड्यांनी आणि डोक्यावर कोला वाहणाऱ्या बायका-पुरुषांनी ती कित्येक पिढ्या पावलांनी मळली होती. काय्येचे मोठेपण असे की, त्या वाटेवर मालक म्हणून न जाता तो त्यांच्यातला एक म्हणून चालला, त्यांच्या हातचे खाऊन जगला, आणि परत आल्यावर जसे होते तसे सांगितले. गरिबी, अनाथपण, आजार आणि अविश्वास यांपैकी कशालाही त्याने आपली वाट अडवू दिली नाही.

पश्चिम आफ्रिकेतला कोला आज ट्रकमधून उत्तरेला जातो. डोक्यावरचे ओझे बरेचसे उतरले आहे, पण पाहुण्यापुढे कोला ठेवण्याची रीत तशीच आहे. शिकू पाहणाऱ्या प्रत्येक गरीब मुलाने आणि मुलीने रेने काय्येचे चरित्र अवश्य वाचावे. आणि वाचताना तियेमेच्या झोपडीत चुलीपुढे बसून त्याच्यासाठी पेज शिजवणाऱ्या त्या म्हातारीलाही मनोमन नमस्कार करावा.